सुट्या मण्यांच्या घरी

द्राक्षाला मी कधी फळ मानलंच नव्हतं. देवगडच्या माणसाचा हा माज आहे आणि तो मी लपवत नाही. द्राक्षं म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू. घरात आणली तर नातवंडं टीव्हीपुढे बसून फस्त करतात. साल नाही, बाठा नाही, खाल्ल्याची काही खूण नाही. जे खाताना कोपरापर्यंत ओघळ येत नाही ते फळ कसलं, असं मी बासष्ट वर्षं म्हणत आले. त्यामुळे फेब्रुवारीत मी नाशिकला जाऊन आले तेव्हा गावातल्या बायकांनी विचारलं, "काळाराम बघितलंस? त्र्यंबकाक गेलंस?" त्र्यंबकला गेलेच नाही. काळारामाला उभ्याउभ्या हात जोडले. उरलेला सगळा वेळ एका द्राक्षबागेत काढला, आणि तिथे जो पराक्रम केला तो कोणाला सांगू नये असाच होता. पण राधिकाने तो आमच्या सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलाय, तेव्हा आता मीच नीट सांगते.

राधिका माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही शाळेत होती. पुढे माझ्याच घरी आंब्याच्या पेट्यांवर वही ठेवून अभ्यास करत वाढली. दापोलीला शेतकी शिकायला गेली, पदवी घेऊन आली आणि सोबत निफाडकडचा योगेशही घेऊन आली. योगेश नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात नोकरीला. त्याचे वडील नाहीत, गावची द्राक्षबाग त्याच्या आईच्या हातात. या आईला सगळं गाव अक्का म्हणतं. लग्नानंतर माझं तिकडे जाणं झालं नव्हतं. आमचा आंब्याचा मोहोर आणि त्यांची द्राक्षं एकाच वेळी, मग जाणार कोण? पण जानेवारीत राधिकाचा फोन आला. "मावशी, यंदा माझी तोडणी आहे. ये." त्यातल्या 'माझी'वर तिने असा जोर दिला की मी बागेचा कारभार मुलावर टाकला आणि बॅग भरली.

नाशिकरोड

योगेश गाडी घेऊन स्टेशनवर आला होता. वाटेत त्याने मिसळ खायला थांबवलं. मिसळ झणझणीत होती, सोबतीला पापड होता, आणि डोळ्यांतून पाणी काढत असतानाच त्याने मला घरचा प्रकार सांगितला. बहुतेक बेत आखूनच ती जागा निवडली असावी, कारण तोंड भाजलेल्या माणसाला मध्ये प्रश्न विचारता येत नाहीत.

"घरात सध्या जरा तापलेलं आहे, मावशी," तो म्हणाला. "आपल्या बागा दोन. वरची आणि खालची. अक्का दरवर्षी झाडावर येतील तेवढे घड ठेवते आणि बांधावर येईल त्या व्यापाऱ्याला माल देते. राधिकाचं म्हणणं, घड कमी ठेवायचे, मोठे आणि गोड करायचे, परदेशी पाठवायचे. बरीच वादावादी झाली. शेवटी अक्काने खालची बाग एका सालासाठी हिच्या हातात दिली. हिने डिसेंबरात जवळजवळ निम्मे घड कापून खाली टाकले."

"निम्मे?" मी ठसका आवरत विचारलं.

"चांगले, हिरवेगार घड. अक्का दोन दिवस बांधावर बसून बघत होती. तिसऱ्या दिवसापासून ती खालच्या बागेत पाय टाकत नाही. म्हणाली, माल परदेशी गेला तर ठीक. नाही गेला तर खालची बाग काढून टोमॅटो लावीन."

मी पाणी प्यायले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मनाने अक्कांच्याच बाजूला होते. आमच्याकडे वाऱ्याने एक कैरी पडली तरी माणूस "अरेरे" म्हणतो. आणि ही माझ्या घरात वाढलेली पोर कात्री घेऊन स्वतःच्या हाताने घड पाडते!

मांडवाखाली

नाशिक मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडवच मांडव सुरू होतात. लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर पसरलेल्या वेली. आमची कलमं कशी, एकेक आपल्या तोऱ्यात उभं. एक धरेल, दुसरं रुसेल. आम्ही त्यांना नावंही देतो. इथे वेली एकमेकींच्या हातात हात घालून उभ्या, कोणती कुठे संपते ते कळत नाही. जमीन काळीभोर. आमच्या तांबड्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना ती सारखी ओली वाटते.

खालच्या बागेत शिरताना मी ताठ मानेने शिरले आणि कपाळ अँगलवर आपटलं. तिथे सगळे वाकून चालतात, नव्या माणसाला हे एकदाच सांगावं लागतं. कपाळ चोळत समोर पाहिलं. पानांच्या छपराखाली, माझ्या छातीच्या उंचीवर, ओळीने घडच घड लटकत होते. फिकट हिरवे, उन्हाच्या बाजूने जरासे पिवळसर, आणि सगळ्यांवर पावडरीचा हलका थर. मी हात पुढे केला.

"मावशी, धरायचा तर दांड्याला धर," राधिका पटकन म्हणाली. मला वाटलं, मणी गळू नयेत म्हणून सांगते आहे. तो गैरसमज पुढे महागात पडणार होता.

तिने एक सुटा मणी माझ्या हातावर ठेवला. दाताखाली कडक्कन फुटला. बाजारातली मऊ पडलेली द्राक्षं खाऊन मी आजवर जे बोलत आले होते, त्यातलं निम्मं त्या आवाजाने बंद केलं. पण मी तसं दाखवलं नाही. "बरं आहे," एवढंच म्हणाले. देवगडचं नाव राखायला नको?

अक्का घरापुढच्या पडवीत भेटल्या. उंच, काटक, डोक्यावरचा पदर न ढळणारा. "या विहीणबाई. प्रवास झाला का बरा?" एवढं विचारून त्या चुलीकडे वळल्या. जेवायला बाजरीची भाकरी आणि पाटवड्यांचा काळ्या मसाल्यातला रस्सा. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय चूल पेटत नाही. इथे नारळाचं सगळं काम शेंगदाण्याचं कूट करतं आणि चोख करतं. मी तीन वेळा रस्सा मागून घेतला तेव्हा अक्कांच्या चेहऱ्यावरचा एक धागा सैल झाला. पण सासू-सुना एकमेकींशी बोलत होत्या त्या फक्त कामापुरत्या. "मीठ." "घ्या." "पंप?" "चालू केला." इतकंच.

जेवणानंतर एका वाडग्यात द्राक्षं आली. सगळे सुटे मणी. काही लहान, काही चिरलेले, काहींवर डाग. माझ्या घरीही पेटीत न बसणारे डागी आंबेच घरात खायचे असतात, त्यामुळे त्या वाडग्याचं मला नवल वाटलं नाही. मी मुकाट्याने खाल्ले.

ढग

दुसऱ्या दिवशी निर्यात कंपनीचा माणूस आला. तरुण, पायात बूट, बोलायला नम्र. त्याने वेगवेगळ्या ओळींतले मणी तोडले, त्यांचा रस एका छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर पिळला आणि उन्हाकडे तोंड करून आत पाहिलं. त्या यंत्रात गोडी दिसते. मला हसूच आलं. आंब्याची गोडी आम्ही देठापाशी नाक नेऊन ओळखतो, आणि कच्चा उतरवला तरी गवताच्या अढीत पिकतो. द्राक्षाचं तसं नाही. ते तोडलं त्या क्षणी त्याची गोडी संपली, पुढे कणभर वाढत नाही. म्हणून तोडायच्या आधीच सगळं बघून घ्यायचं.

"पंधरा येतंय ताई," तो राधिकाला म्हणाला. "सोळाच्या वर पाहिजे. चार दिवस थांबा. मी परत येतो."

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आभाळ भरून आलं.

फेब्रुवारीतले ढग काय असतात हे आंबेवाल्याला शिकवावं लागत नाही. आमचा मोहोर काळा पडतो. इथे पिकत आलेल्या मण्यावर पाऊस पडला की तो तडकतो, आणि तडकलेला घड परदेशी सोडा, बांधावरचाही व्यापारी हातात धरत नाही. तोच व्यापारी त्या सकाळी मोटरसायकल घेऊन दारात हजर. आज तोडून द्या, आज नेतो, म्हणाला.

अक्का पहिल्यांदा सुनेशी लांबलचक बोलल्या. "दिऊन टाक. आभाळाला कुठं कळतंय हा परदेशी माल हे म्हणून? तडकलं मंग कोण घील?"

राधिकाने एकदा वर पाहिलं. मग म्हणाली, "थांबू अक्का. आज तोडलं तर डिसेंबरात घड उगाच पाडले असं होईल."

"तुझी बाग हे. तूच ठरव," असं म्हणून अक्का आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. व्यापारी निघून गेला. राधिका माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "मावशी, चुकले का गो मी?"   मी तिचा हात हातात घेतला.

त्या दिवशी दुपारी अक्काच म्हणाल्या, "चला विहीणबाई, पंचवटीला जाऊन येऊ. इथं बसून आभाळाकडं बघून मान दुखली." बसने गेलो. रामकुंडावर पाय धुतले, काळारामाचं दर्शन घेतलं, मग भाजीबाजाराच्या गल्लीतून रिक्षा आणि स्कूटर चुकवत चाललो. ठिकठिकाणी द्राक्षांच्या हातगाड्या. पिवळ्या, काळ्या, लांबट मण्यांच्या राशी. अक्का एकाही गाडीकडे वळल्या नाहीत.

"तुम्हाला द्राक्षं आवडत नाहीत का?" मी विचारलं.

"आवडत्यात की. पण अख्खा घड घेऊन खाल्ला असं कधी झालंच नाय," त्या म्हणाल्या. "घड इकायचा, सुटे मणी घरात खायचे. ह्यांनी बाग लावली तव्हापासून हेच चाललंय. पुढं ती सवयच झाली." थोडं चालल्यावर आपणहून बोलल्या, "दुष्काळात टँकरनं पाणी घालून जगवलीत ती झाडं. हे आजारी होते तरी पाइप धरून उभे राहायचे. मंग त्याच झाडांचा घड कापून मातीत टाकताना बघवंल का? पोरगी वाईट नाय हो. लय कष्टाची हे. पण कात्री वाजली की मी खाली पडलेले घड मोजायची."

मी त्यांना म्हटलं, "मी तुमच्या जागी असते तर कात्री लपवून ठेवली असती." अक्का पहिल्यांदा मोकळं हसल्या. मग आम्ही दोघी उसाचा रस प्यायलो.

संध्याकाळी परतलो तर थेंब पडायला लागले होते. राधिका बागेच्या कडेला तळहात पुढे करून उभी होती. मी लांबूनच बघत राहिले. तळहातावर दोन-चार थेंब पडले, थांबले, आणि मग देवालाच दया आली असावी, पश्चिमेकडून वारा सुटला. सकाळपर्यंत आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

तोडणी

कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी आला. यंत्रात पाहिलं, हसला आणि ते राधिकाच्या हातात दिलं. तिने पाहिलं आणि "सतरा" असं ती ओरडलीच. मग मलाही पाहायला दिलं. मला नुसता निळा उजेड दिसला, पण मी "हो, सतरा" म्हणाले.

ऊन चढायच्या आत तोडणी करायची असते. पेठ तालुक्यातून आलेल्या मजूर बायकांची टोळी भल्या सकाळी बागेत उतरली. भराभर हात चालत होते. एका हाताने दांडा धरायचा, कात्रीने कापायचा, क्रेटमध्ये हलकेच ठेवायचा. सगळ्या राबत असताना मी खुर्चीत बसून काय करू? मी म्हटलं, मलाही काम द्या. राधिका घाईत होती. "सावलीतल्या क्रेटवर लक्ष ठेव," म्हणाली.

मी लक्ष ठेवलं. जरा जास्तच. आता आंबेवालीची सवय सांगते. आंबा उतरवला की देठातून चीक येतो आणि तो फळावर राहिला तर काळा डाग पडतो. म्हणून आमच्याकडे आंबा पुसूनच पेटीत जातो. लहानपणापासून माझ्या हाताला ते वळण आहे. इथे क्रेटमधल्या घडांवर पांढरी पावडर दिसत होती. मला वाटलं, फवारणीचं औषध! परदेशी माणसाला हे असं पाठवायचं? मी पिशवीतून धुतलेला पंचा काढला. एकेक घड दांड्याला धरून, हो, अगदी सांगितल्याप्रमाणे दांड्याला धरून, मी मणी न मणी पुसायला बसले. असे चमकायला लागले म्हणता! काचेच्या गोट्या जशा. तीन क्रेट पुसून झाले तेव्हा स्वतःवर खूश होऊन मी चौथा ओढला.

"हे काय?" कंपनीचा माणूस माझ्यामागे उभा होता. त्याचा नम्र आवाज कुठल्या कुठे गेला होता. "हा माल कोणी पुसला?"

सगळ्या कात्र्या थांबल्या. टोळीतली एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "आवो मावशी, काय केलं हे!" तेव्हा कुठे मला कळलं. ती पावडर औषधाची नव्हतीच. ती द्राक्षाची स्वतःची असते, मण्याला राखते, आणि ती शाबूत असणं हीच ताज्या मालाची खूण. म्हणूनच घड दांड्याला धरायचा. पुसलेला घड म्हणजे हाताळलेला घड. तो बोटीच्या प्रवासाला घेत नाहीत.

"असा किती माल हाताळलाय?" त्याने राधिकाला विचारलं. "मला सगळे क्रेट बघावे लागतील. हेच निघालं तर तोडणी थांबवतो."

राधिकाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मी उठले. "साहेब, तीनच. चौथा हा बघा, हात लागलेला नाही. मी हिची मावशी, देवगडची. आम्ही आंबा पुसतो. यात हिचा काही दोष नाही, आणि या बायकांचा तर नाहीच."  त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पंच्याकडे पाहिलं, आणि क्रेट उघडायला लागला. एक, दुसरा, पुढचा, त्याच्या पुढचा. बागेत नुसता क्रेट सरकल्याचा आवाज. अक्का कधी आल्या ते कळलं नाही. डिसेंबरानंतर पहिल्यांदाच त्या खालच्या बागेत उभ्या होत्या.

सगळे क्रेट बघून झाल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे. बाकी माल एक नंबर आहे. हे तीन ठेवा, उरलेलं भरा." आणि मग, देवाने त्याचं भलं करो, मला म्हणाला, "मावशी, आंबे कधी पाठवताय?"

दुपारपर्यंत शेवटची गाडी गेली. मांडवाखाली आम्ही उरलो, टोळीतल्या बायका आणि माझे ते तीन चकचकीत क्रेट. योगेश रजा काढून आला होता. तो म्हणाला, "हे मी नाशिकला एखाद्या फळवाल्याकडे देऊन येतो."

"नाय," अक्का म्हणाल्या. "कुठं न्यायचं नाय."

त्या मातीत बसल्या आणि क्रेट जवळ ओढून एक अख्खा घड उचलला. तळहाताला जड झाला असावा, कारण दुसरा हात खाली लावला. एक मणी तोंडात टाकला. कडक्कन आवाज आला. दुसरा. तिसरा.  मग त्यांनी बायकांकडे क्रेट सरकवले. "खा गं, अख्खे अख्खे घ्या." ज्यांच्या हातांनी आजवर हजारो घड तोडले त्याही कधी असा घड घेऊन बसल्या नव्हत्या. थोड्याच वेळात मांडवाखाली नुसता हसण्याचा आणि मणी फुटण्याचा आवाज भरला. राधिका खात नव्हती. ती सासूकडे बघत होती.

अक्कांनी घड संपवला. रिकामा दांडा हातात फिरवत राहिल्या.

"एवढं गोड कधी झालं नव्हतं आपल्याकडं," त्या म्हणाल्या. "झालंही असंल. मी कुठं खाल्लं?" मग मान न वळवता विचारलं, "राधिका, वरच्या बागेत झाडाला किती घड ठेवायचे गं?"

त्या विचारत होत्या. राधिकाला रडूच फुटलं. मग मीही रडून घेतलं, कारण पंचा हाताशीच होता.

निघताना अक्कांनी मला पेटी बांधून दिली. पहिल्या प्रतीचे घड, पावडरीसकट. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभ्या होत्या आणि गाडी हलताना ओरडून म्हणाल्या, "विहीणबाई, पुसू नका हां!" अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला.

आता एप्रिल आहे. परवा राधिकाचा फोन आला, वरच्या बागेत छाटणी सुरू झाली आहे, खालच्या बागेतल्या टोमॅटोचं नाव कोणी काढत नाही, आणि अक्का दिवसभर तिच्यामागे फिरत "ही काडी ठेवू का, ती ठेवू?" विचारून तिला हैराण करतात. त्या वेळी मी पेट्या भरत बसले होते. मुलाने नेहमीप्रमाणे डागी आंबे घरासाठी बाजूला काढले होते. मी पेटीच्या वरच्या थरातला सगळ्यात देखणा, पिकलेला आंबा उचलला. मुलगा बघतच राहिला. "आई, तो पेटीतला!"

"माहीत आहे," म्हटलं आणि सुरी घेतली. कोपरापर्यंत ओघळ आला.

आणखी एक पेटी निफाडकडे निघाली आहे, सगळे वरच्या थरातले. राधिकाला सांगून ठेवलंय: अक्कांना म्हणावं, घरात बसून अख्खे खा. आणि आंबा मात्र पुसून खायचा असतो.